हरता येणारा माणूस शोधा

आज सकाळी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. त्यासाठी सोलापूरच्या उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या भाचीसाठी आलेले हे स्थळ घरातील सर्वांनी जवळजवळ पक्केच धरले होते. मुलगा अभियंता, पुण्यात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, एकुलता एक, आणि पत्रिकेत 36 पैकी 27 गुण जुळणारा. भाचीने त्याला भेटून, त्याच्याशी बोलून, पुरेसा विचार करून सभ्य शब्दांत नकार कळवला. त्यावर त्या मुलाने रात्री तिला लिहिले की तुझ्यापेक्षा चांगल्या मुली रांगेत उभ्या आहेत, तुझे वय आणि रंग पाहूनही आम्हीच मोठे मन दाखवत होतो. सकाळी वडिलांनी त्याची बाजू मांडली ती अशी: “ताई, पोरगं हळवं आहे, मनावर घेऊ नका. लहानपणापासून त्याला नाही ऐकायची सवयच नाही. आपल्यातला मुलगा आहे, असं स्थळ परत मिळायचं नाही, पोरीला जरा समजवा की.”

नाही ऐकायची सवय नाही, हे त्यांनी कौतुकाने सांगितले, याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

आपण स्थळ पाहताना काय काय विचारतो! पगार विचारतो, फ्लॅटचे हप्ते किती राहिले ते विचारतो, गावाकडे शेती किती आणि तिला पाणी आहे का तेही विचारतो. पत्रिकेत वर्णाचा 1 गुण, नाडीचे 8, आणि 36 पैकी 18 जुळले की गुरुजी मान हलवतात. मात्र मनाविरुद्ध काही घडले तर हा माणूस त्याची वसुली कोणाकडून करतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ते दुःख तो स्वतः सोसतो, की घरात जो सर्वांत दुबळा असेल त्याच्या अंगावर काढतो? जोडीदारात पाहण्यासारख्या शंभर गोष्टी असतील, पण माझ्या लेखी हीच पहिली आहे. बाकीच्या नव्व्याण्णव चांगल्या असल्या तरी हिच्यावाचून संसारात त्यांचा उपयोग होत नाही.

हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकलेले नाही, माझ्या आत्याच्या घरात पाहिले आहे. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. ते कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. नव्वदच्या दशकात ती गिरणी बंद पडली आणि देणी अडकून राहिली. ज्या शहरात 1877 साली जुनी मिल उभी राहिली आणि पुढे कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या-बसल्या, तिथे गिरणी बंद होणे म्हणजे केवळ पगार थांबणे नव्हते. घरातील कर्त्या पुरुषाचे रोज सकाळी घराबाहेर पडण्याचे कारणच नाहीसे होणे होते. आत्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायला सुरुवात केली. मामांनी पहिल्याच आठवड्यात मुसळ हातात घेतले. ते उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट कुटत, ज्वारीचे पीठ चाळत, आणि भाकरीचे गठ्ठे सायकलला बांधून नव्या पेठेतील दुकानांत पोचवत. बायकोचा गडी झाला म्हणून सोबतचे कामगार हसले, तेव्हा मामा म्हणाले होते, “साच्यावर शेठ मालक होता, उखळावर मालकीण आहे, मालकीण दुपारी जेवायला तरी वाढते.”

त्यांना दुःख झाले नाही असे कोणी समजू नये. गिरणीच्या फाटकासमोरून जावे लागू नये म्हणून ते पुढची अनेक वर्षे सायकलने लांबचा वळसा घेत. परंतु ते दुःख त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आणले नाही. त्याच चाळीत त्याच गिरणीतील आणखी एक गृहस्थ राहत. नोकरी असताना ते मामांपेक्षा हुशार, देखणे आणि मिळवते समजले जात. गिरणी बंद झाल्यानंतर त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी भांडी आपटल्याचे आणि नंतर माणसे आपटल्याचे आवाज येत. त्यांच्या बायकोचे स्थळ पाहताना तिच्या वडिलांनीही पगार, शेती आणि पत्रिका व्यवस्थित पाहिलीच असणार.

पैसा महत्त्वाचा नाही असे माझे म्हणणे नाही. रिकाम्या डब्याने संसार होत नाही, हे मान्य.

आता वडिलांच्या त्या ‘आपल्यातला मुलगा’ या वाक्याकडे येते. ज्या शहरातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि 1941 साली त्यांनी गुओ छिंगलान या चिनी परिचारिकेशी लग्न केले, त्याच शहरात आज एवढेच एक प्रमाणपत्र पुरेसे ठरावे! भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकावरून आपण रोज गाड्या पळवतो आणि घरी येऊन पोटजात विचारतो. माझ्या भाचीला रात्री आलेला तो मजकूर ‘आपल्यातल्याच’ मुलाने लिहिला होता ना? मग आपलेपण नेमके कुठे कामी आले?

आणि नकार म्हणजे अपमान, ही समजूत तरी आपल्या गावाने बाळगू नये. दर वर्षी जानेवारीत, आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेत, आपण संमती कट्ट्यावर कशासाठी अक्षता टाकतो? एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याची इच्छा धरली, त्यांनी ते स्वीकारले नाही, पण तिला हाकलूनही दिले नाही. आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची संमती देऊन त्यांनी तिचा मान राखला. लाखो लोक पांढऱ्या बाराबंदीत, नंदीध्वजांच्या मागे चालत ज्या सोहळ्याला येतात, त्याच्या मुळाशी नकार देणारा आणि नकार घेणारी यांनी एकमेकांची राखलेली बूज आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. भाविकांनी माझा हा अर्थ मान्य करावा असा आग्रह नाही. पण अक्षता टाकून घरी परतायचे आणि नकार देणाऱ्या मुलीचा रंग काढायचा, हे एकत्र कसे जमते, ते मला कोणी तरी समजावून सांगावे.

एवढे लिहीत असतानाच भाचीचा फोन आला. त्या मुलाने तिचा फोटो आणि बायोडेटा स्थळांच्या दोन-तीन ग्रुपवर टाकला असून, त्याखाली ‘या मुलीपासून सावध राहा, फार अपेक्षा आहेत’ असे लिहिले आहे. वर मी त्या वडिलांविषयी जे सौम्यपणे लिहिले ते आता पुसणार नाही, परंतु तो सौम्यपणा यापुढे कोणी गृहीत धरू नये. लग्न ठरण्याच्या आधी, कोणतेही नाते नसताना, एका नकाराची एवढी वसुली करणारा माणूस लग्नानंतर काय काय वसूल करील? भाचीने केवळ स्थळ नाकारलेले नाही, स्वतःचे पुढचे आयुष्य वाचवले आहे. तिच्या अपेक्षा फार होत्या असे ज्यांना वाटते, त्यांना सांगते की लग्नानंतरही सोलापुरातील नोकरी दोन वर्षे चालू ठेवीन आणि शनिवार-रविवारी ये-जा करू, एवढेच तिने मांडले होते. पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसने निम्मे सोलापूर हेच करत असते.

पुन्हा मामांचीच गोष्ट आठवते. अडकलेल्या देण्यांपैकी काही रक्कम अखेर हाती आली, तेव्हा एका मित्राबरोबर भागीदारीत यंत्रमाग टाकावेत अशी मामांची फार इच्छा होती. साच्यांचा आवाज पुन्हा कानावर पडेल, एवढीच त्यांची हौस. आत्याने ठाम नकार दिला. मुलींची शिक्षणे आधी, असे तिचे म्हणणे. मामा त्या संध्याकाळी कोणाशी बोलले नाहीत, जेवले मात्र आत्याच्याच शेजारी बसून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचे गठ्ठे घेऊन बाहेर पडले. या गोष्टीचा खरा भाग पुढे आहे. त्या मित्राने एकट्याने माग टाकले, त्याचा धंदा चांगला चालला, आणि आज अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा मोठा कारखाना आहे. म्हणजे हिशेबाने पाहिले तर आत्याचा नकार चुकला होता. तो मित्र घरी आला की पेढे घेऊन येई. मामा पेढा खात, त्याचे कौतुक करत, आणि तो गेल्यानंतरही ‘तू अडवलं नसतंस तर’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघाले नाही. आत्याला मी एकदा विचारले की खरेच कधी नाही? ती म्हणाली, “अगं, मी वाट बघायची. वर्षानुवर्षं वाट बघितली. नाही बोलले.”

हे सांगताना ती हसत होती. मला मात्र आजही तेवढ्या सहज हसता येत नाही.

खरे सांगायचे तर त्या मुलाविषयीही आता थोडे वाईट वाटू लागले आहे. ज्याच्या गुणपत्रिकेतील एक गुण कमी झाला तरी शिक्षकाशी भांडायला वडील शाळेत गेले असतील, कॅरममध्ये ज्याला पाहुण्यांनी मुद्दाम जिंकू दिले असेल, त्याला हरायला कोणी आणि कुठे शिकवायचे? मी शाळेत आयुष्यभर असे पालक पाहिले आहेत. स्पर्धेत मुलगा दुसरा आला म्हणून बक्षीस न घेताच त्याला घरी नेणारे वडील मी पाहिले आहेत. वाईट वाटते म्हणून भाचीने होकार द्यावा, असा त्याचा अर्थ मात्र कोणी काढू नये. कोणाच्या घरातील अर्धवट संगोपन पूर्ण करण्यासाठी आपल्या मुली नाहीत.

मुलींमध्येही असा स्वभाव असतो, हे कबूल. नवऱ्याने एक गोष्ट नाकारली म्हणून महिनाभर अबोला धरणाऱ्या बायका माझ्याही नात्यात आहेत. मुलगी पाहणाऱ्यांनीही गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष वगैरे बाजूला ठेवून हेच पाहावे.

ते पाहायचे कसे, असे तुम्ही विचाराल. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात ते दिसत नाही, कारण त्या अर्ध्या तासात सगळेच शहाणे असतात. म्हणून मुलामुलींना चार वेळा एकटे भेटू द्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत होम मैदानावर त्यांना तासभर हिंडू द्या. कोणाचा पाय तुडवला गेला आणि पाळण्याच्या रांगेत कोणी मध्ये घुसले की माणूस आपोआप कळतो. गाडी चुकू द्या आणि चुकल्यावर तो प्रथम कोणाला दोष देतो ते ऐका. एखाद्या लहानशा गोष्टीला, अगदी कोणत्या हॉटेलात जायचे एवढ्यासाठी, मुलीने शांतपणे नाही म्हणून पाहावे. तो हसून दुसरे हॉटेल शोधतो, कारणे विचारत राहतो, की गप्प होऊन तिला अपराधी वाटायला लावतो, यावरून जे कळेल ते पत्रिकेतील 27 गुणांवरून कळणार नाही. वडीलधाऱ्यांना हे नाटकी वाटेल. वाटू द्या.

भाचीचा फोटो आणि तो मजकूर तुमच्यापैकी कोणाच्या ग्रुपवर आला असेल, तर कृपया पुढे पाठवू नका, ॲडमिनला सांगून काढायला लावा आणि मला स्क्रीनशॉट पाठवा. पोलिसांकडे जाण्याची वेळ आली तर ते लागतील. आणि सकाळी फोन करणारे गृहस्थ हे वाचत असतील, कारण आपले सामायिक परिचित पुष्कळ आहेत, तर त्यांनी आज संध्याकाळपर्यंत मुलाकडून तो मजकूर काढून घ्यावा. मला पुन्हा फोन करू नये. भाचीची समजूत घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.