एकच जागा, वर्षभर

मुलांना वर्गाबाहेर नेलं की हमखास विचारलं जातं, "मॅडम, आज पोर्शन नाही का?" मुलं नाही विचारत, मोठी माणसं विचारतात. विज्ञान शिकवते मी, आणि या प्रश्नाचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बाहेर जे चाललेलं असतं तो पोर्शनच असतो.

आमची पद्धत साधी आहे. सुतळीने आखलेला एक मीटर बाय एक मीटरचा जमिनीचा चौकोन. प्रत्येक गटाला एक, आणि वर्षभर तोच. दर आठवड्याला तिथे बसायचं, बघायचं, वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी सगळ्या वह्यांत एकच वाक्य होतं: "इथे काहीच नाही." तिसऱ्या आठवड्यात एका गटाने ओलं पान उलटलं, तर खाली पुष्कळ पायांची वाणी वेटोळं घालून बसलेली. त्या दिवसानंतर "काहीच नाही" कुणी लिहिलं नाही.

पुढे पाऊस पडला आणि मुंग्यांची रांग भलतीकडूनच जाऊ लागली. तोंडात पांढरं काहीतरी. "अंडी नेतायत!" भिंग लावून पाहिलं, तर ते अंड्यापेक्षा बरंच मोठं. वर्गात येऊन पुस्तकं काढली, तेव्हा कळलं की आपण सर्रास ज्यांना मुंग्यांची अंडी म्हणतो ते बहुतेक वेळा अळ्या नाहीतर कोष असतात. मलाही हे माहीत नव्हतं. जीवनचक्राचा धडा त्या दिवशी मला शिकवावाच लागला नाही.

वर्षातून एक सहल काढली की पर्यावरण शिक्षण झालं, असं मला अजिबात वाटत नाही. सहलीत मूल पाहुणं असतं. बदल दिसायला त्याच जागी परत परत जावं लागतं. 1977 साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हाच उद्दिष्टांमध्ये माहितीच्या बरोबरीने कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग लिहिला गेला होता. आपण मात्र अजून "पाण्याचे महत्त्व, पाच ओळी" इथेच आहोत.

ज्यांना फक्त अभ्यासाची आणि तब्येतीची काळजी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. 2015 साली निकाल छापून आले. बाहेर जाणाऱ्यांपैकी 30.4 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आली, बाकीच्यांत 39.5 टक्के. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त तयार होतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोळा लांबट होणं मंदावतं, असं मानलं जातं. चष्मा लागल्यावर डॉक्टरकडे धावण्याआधी हे करता येतं.

आमचा हा तास मागे परीक्षेच्या उजळणीसाठी सलग काही आठवडे काढून घेतला गेला. परत गेलो तर चौकोनात गवत गुडघाभर, आणि मधल्या नोंदीच नाहीत. मुलं खरोखर हळहळली.

लागतं फार थोडं: जोडून दोन तास, सोबत आणखी एक मोठं माणूस, चार भिंगं. आणि घरी मूल मातीने माखून आलं तर त्याला रागवायच्या आधी विचारा, आज चौकोनात काय दिसलं. पुढच्या पालकसभेत गुणांबद्दल विचारून झालं की एवढंही विचारा, आमची मुलं आठवड्यातून किती तास बाहेर शिकतात? शिक्षकांनी मागून न मिळालेला तास पालकांनी मागितला की मिळतो, हे मी पाहिलंय.