काळा म्हणजे कोणता काळा?

लॅबमधून आलेल्या प्रिंटमध्ये सासूबाईंचा चेहरा हिरवट आला आणि मी फोटो घरीच छापायचे ठरवले. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं फोटोकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मी काढला तेव्हा तो असा नव्हता," हे सिद्ध करायला आता स्वतःचा प्रिंटर घेणं आलंच.

इंकजेटमध्ये चार शाया असतात, एवढ्या भांडवलावर मी शोधाला निघालो. साधे कागद छापायला त्या चार पुरतात. फोटोचं नाव काढलं की मात्र खानेसुमारी सुरू होते. आधी फिका सायन (निळसर) आणि फिका मॅजेंटा (गडद गुलाबी). कारण गालावरची फिकट छटा गडद शाईचे विरळ ठिपके टाकून काढायला गेलं, तर माणसाला गोवर उठल्यासारखा दिसतो. मग कृष्णधवल फोटोंसाठी करडा. लाल कशासाठी, हे मी विचारलं नाही. काळे मात्र दोन निघाले: चकचकीत कागदाचा फोटो ब्लॅक आणि मॅट म्हणजे बिनचमकीच्या कागदाचा मॅट ब्लॅक. काही यंत्रांत ही भावकी एकाच वाटेने ये-जा करते, म्हणजे कागद बदलला की आधीच्या काळ्याला हुसकून दुसऱ्याला आत घ्यायचं, आणि त्या भांडणात शाई वाया जाते ती आपली.

दहावी शाई पारदर्शक होती. मी पुन्हा वाचलं. हो, बिनरंगाची. कागदावरची चमक सगळीकडे सारखी यावी म्हणून ती वरून फिरते. छापल्यावर दिसत नाही, पण संपते.

तोवर डाय की पिगमेंट हा प्रश्न उभा राहिला. डाय शाई कागदात मुरते. रंग झळाळतात, पण उजेडात लवकर विटतात. पिगमेंटचे बारीक कण कागदाच्या वर बसतात. ते खूप टिकतात, पण चकचकीत कागद तिरपा धरला तर काळ्या भागावर तांबूस झाक मारते. तीच घालवायला ती अदृश्य शाई. मी बायकोला म्हटलं, "पिगमेंटच घेऊ. फोटो पिढ्यान्पिढ्या टिकतील."

"तुझे?" ती म्हणाली. एकच शब्द, पण पिगमेंटसारखा वर बसून राहिला.

जाहिरातीत प्रिंटर नेहमी सगळे ट्रे मिटून, पोट आत ओढून उभा असतो. मी घेतला तो ए३ प्लसचा, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटरचा कागद घेणारा. वजन १४ किलो. टेबलावर नेमका बसला, आणि मग त्याने पुढचा ट्रे लांब केला, मागचा उघडला आणि जाड कागद सरळ आत घालायला मागच्या भिंतीकडून आणखी जागा मागितली. सध्या टेबल खोलीच्या मधोमध आहे. आम्ही कडेकडेने जातो.

चालू केल्यावर पहिला फोटो निघायच्या आतच शायांची पातळी घसरली. नव्या यंत्राला आधी आपल्या नळ्या भरून घ्यायच्या असतात. छापताना हा किती काटकसरी! एक थेंब काही पिकोलिटरचा. लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोलिटर. पण आठ-पंधरा दिवस स्वस्थ बसला की नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते, मग तो स्वतःचं तोंड धुतो, आणि तेव्हा पिकोलिटर वगैरे काही नाही, सरळ चूळ भरल्यासारखी शाई थुंकतो. ती चूळ साठवायला आत एक डबा असतो. डबा भरला की यंत्र बंद. नवा डबा विकत. थुंकी साठवायचे पैसे मी आयुष्यात पहिल्यांदाच मोजले.

पहिली प्रिंट काळपट आली. पडदा आतून उजळतो, कागद नाही, आणि माझ्या मॉनिटरची प्रखरता दिवाभीताला आंधळं करील इतकी चढवलेली. ती उतरवली. दुसरी प्रिंट गुलाबी आली: रंग सांभाळायचं काम मी फोटोच्या सॉफ्टवेअरलाही दिलं होतं आणि ड्रायव्हरलाही, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही. दोन वैद्यांनी एकाच रोग्याला आपापला काढा पाजला, एवढंच. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद केली, कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल, निवडलं. तिसरीत शाई पसरली, कारण मॅट कागद उलटा घातला होता. लेप एकाच बाजूला असतो आणि दोन्ही बाजू जुळ्या बहिणी. किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावायचं. जी बाजू बोटाला चिकटते ती खरी. हे मला महागाच्या तीन कागदांनंतर कळलं. तेव्हापासून कागद घालताना मी बोट चाटतो, आणि घरात कुणी आलं तर पान उलटतोय असं दाखवतो.

नोझल सुकू नयेत म्हणून दर रविवारी एक रंगीत पट्टी छापतो. फोटो नसले तरी पट्टी. या घरातली सर्वांत अचूक प्रिंट कोणती विचाराल तर नोझल चेकची; एकही रेघ तुटलेली नसते. दहांतली एक शाई संपली तरी बाकीच्या नऊ संपावर जातात, म्हणून पट्टी छापताना मी पातळ्यांकडे बघत नाही.

शेवटी सासूबाईंचा फोटो जमला. अंगाचा रंग अंगासारखा, केसांतला रुपेरी रुपेरीच. रंग पुरते बसावेत म्हणून मी तो रात्रभर सुकवला, कडेला हात न लावता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लांबून पाहिला, चष्मा चढवून जवळून पाहिला.

"आता बरोबर आलाय," त्या म्हणाल्या. "याचेच पासपोर्ट साइजचे आठ काढून द्या हो. एका फॉर्मला लागतात."

मी यंत्र चालू केलं. लाल दिवा लागला. पारदर्शक शाई संपली होती.