चौकटीतला ख्रिस्त आणि ब्रिटनमधली सुवार्ता

कांचीपुरमच्या रामकृष्ण मठातल्या दालनात थोर धर्मपुरुषांच्या तसबिरी होत्या, त्यांत येशूचीही होती. नाताळला तिच्यापुढे पूजा होई. स्कॉटलंडच्या चर्चतर्फे १९३६ साली भारतात आलेले लेस्ली न्यूबिगिन त्या मठात दर आठवड्याला संन्याशांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसत. एका आठवड्यात श्वेताश्वतर उपनिषद, पुढच्या आठवड्यात बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान. ती पूजा पाहून त्यांना लगेच कळलं, की इथं आधीच तयार असलेल्या चौकटीत येशूला जागा करून दिली आहे आणि चौकट जशीच्या तशी आहे. आपल्या इंग्लंडनेही त्याला असंच बसवून टाकलंय, हे उमगायला मात्र त्यांना फार वेळ लागला.

पाश्चात्त्य देशांतल्या सुवार्ताकार्याबद्दल, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत नेण्याबद्दल, बोलायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आपण सुरुवात करतो चर्चमधल्या रिकाम्या बाकांपासून. आकडे खरेच आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ साली सुमारे ७२ टक्के होते, २०११ साली ५९.३ आणि २०२१ साली ४६.२. पण बाकं भरलेली होती तेव्हाही चौकट हीच होती.

ती चौकट अशी: औषध, हवामान, बाजारभाव ही सगळ्यांसाठीची तथ्यं. देव, पाप, पुनरुत्थान हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. न्यूबिगिन शाळेचं उदाहरण देत. डीएनए माणसाची जडणघडण ठरवतो, हे प्रत्येक मुलाला शिकावंच लागतं. माणूस देवाच्या गौरवासाठी आहे, हे ‘काही लोक असं मानतात’ या सदरात जातं. एकेकाळी स्कॉटलंडमधली मुलं धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतलं पहिलं उत्तर म्हणून हेच पाठ करत. कुणी बंदी घातली नाही, कुणी दगड मारले नाहीत. फक्त जागा बदलली. १९७४ मध्ये दोन सुटकेस आणि एक पाठपिशवी घेऊन भारतात बिशप झालेले न्यूबिगिन पत्नीबरोबर बसने प्रवास करत मायदेशी परतले. पुढे सत्तरीत त्यांनी बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगाजवळची एक छोटी मंडळी, म्हणजे चर्चमधला भाविकांचा समूह, सांभाळली. सुवार्तेबद्दलचा तिथला थंड तुच्छभाव त्यांना भारतातल्या विरोधापेक्षा जड गेला. विरोध करणारा निदान तुमचं म्हणणं खरं-खोटं ठरण्यासारखं आहे, एवढं तरी धरून चालतो.

आता ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा अल्फा कोर्स घ्या. तो लंडनच्या एका चर्चमध्ये १९७७ साली सुरू झाला आणि आज जगभर चालतो. आधी जेवण, मग अर्ध्या तासाचं बोलणं, मग छोट्या गटात चर्चा; असे दहाएक आठवडे आणि मध्ये पवित्र आत्म्याविषयी एक वीकेंड. गटप्रमुखाने उत्तरं न देता ऐकायचं, हा त्यातला सर्वात मोलाचा नियम आणि तोच सर्वात आधी मोडतो. कुणी म्हणतं, ‘माझी आई प्रार्थना करत करतच गेली.’ टेबलावर शांतता पसरते. ती अर्धा मिनिटही सोसत नाही आणि प्रमुख बायबलमधलं वचन काढून वाचायला लागतो. तो माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही. दुसरी चूक गट भरण्याची. दहापैकी सात जण मंडळीचेच असले तर नवखा माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. आपले दोन-तीन पुरेत. तिसरी चूक अकराव्या आठवड्याची. कोर्स संपतो, गट मोडतो आणि नवख्याला रविवारच्या उपासनेचं आमंत्रण मिळतं, जिथं जेवण नाही, प्रश्न विचारायची सोय नाही. तोच गट, तेच टेबल निदान वर्षभर चालू ठेवा.

गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या फूड बँकेचंही तसंच. वाउचर घेऊन आलेल्याला निदान तीन दिवसांचं अन्न मिळतं आणि बरीच केंद्रं चर्चच्या हॉलमध्येच चालतात. काम चांगलंच आहे, पण टेबलाच्या अलीकडे देणारे आणि पलीकडे घेणारे अशी विभागणी कायमची होऊन बसते. चहाची टेबलं वेगळी मांडा, वाढणाऱ्यांत घ्यायला आलेल्यांनाही घ्या. प्रार्थना कुणी मागितली तरच करा आणि तीही पिशवी हातात दिल्यानंतर. पोटासाठी धर्म बदलल्याचा टोमणा मराठी ख्रिस्ती माणसाने पिढ्यानपिढ्या ऐकलाय. ही शिस्त आपल्याला वेगळी शिकवायला नको.

स्थलांतरितांच्या मंडळ्यांकडून मोठ्या आशा असतात. नायजेरियात १९५२ साली सुरू झालेल्या रिडीम्ड चर्चच्या ब्रिटनमध्ये शेकडो शाखा आहेत, पण बहुतेक ठिकाणी नायजेरियन माणसंच दिसतात. भारतीय मंडळ्यांचंही फार वेगळं नाही. दुपारी हॉल भाड्याने घ्यायचा, लांबून गाड्यांनी यायचं, आपल्या भाषेत गायचं, डबे उघडायचे आणि पाचला हॉल रिकामा करायचा. आसपासच्या गल्लीला पत्ताही लागत नाही. आपली भाषा सोडा असं मी म्हणत नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी कीर्तन घेतलं, अभंग घेतला, पण ख्रिस्ताचा दावा ‘काही लोक असं मानतात’ इतका बारीक केला नाही.

बर्मिंगहॅम किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. महिन्यातले तीन रविवार घरापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या चर्चमध्ये जा, तिथं वीस म्हातारी माणसं असली तरी. चौथा रविवार मराठी उपासनेसाठी ठेवा. पहिलं वर्षभर तिथं काहीही सुधारायला जाऊ नका; खुर्च्या लावा, आजाऱ्यांना भेटा, नावं लक्षात ठेवा. शेजारीण दारात उभी राहून विचारेल, ‘तुम्ही तिथं का जाता?’ तेव्हा ‘मला बरं वाटतं म्हणून’ असं म्हणू नका. येशू मेलेल्यांतून उठला म्हणून जातो, असं सांगा आणि तिला चहाला आत बोलवा.