रुबेलाची लस मुलग्यांना कशाला? त्या मेसेजला उत्तर

वाळवा-तासगावकडच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रुबेला म्हणजे दोन दिवसांचं पुरळ, मुलग्यांचा तर त्याच्याशी संबंधच नाही, लशीनं मुली वांझ होतात, आणि आरोग्याचा हक्क म्हणजे लस नाकारायचा हक्क.

पुरळ किरकोळच असतं, हे खरं. पोराला होतो तो आजार साधा. घात होतो पोटातल्या बाळाचा. १९४१ साली सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं येऊ लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. पहिल्या बारा आठवड्यांत लागण झाली, तर बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष. लागण झाल्यावर बाळाची ही हानी थांबवणारं औषध नाही.

मुलग्यांचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून तोच नीट बघू. जपाननं १९७७ पासून बरीच वर्षं फक्त शाळकरी मुलींनाच लस दिली. लस न मिळालेले मुलगे मोठे झाले आणि २०१२-१३ ची साथ मुख्यतः तरुण पुरुषांमध्ये पसरली. त्या साथीत ४५ बाळं बाधित जन्मली. म्हणजे आजार घरात आला तो नवऱ्याकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून. गरोदर बाईला ही लस देताच येत नाही, कारण तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. आधी लस घेतलेली नसेल, तर तिचा बचाव आजूबाजूच्यांच्या हातात.

अर्धवट लसीकरण तर आणखी वाईट. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लस आली, पण पुढची बरीच वर्षं निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नाही. विषाणूचा फैलाव मंदावला, थांबला नाही. लहानपणी व्हायचा तो आजार तरुणपणी, ऐन बाळंतपणाच्या वयात होऊ लागला. १९९३ च्या साथीनंतर २५ बाळं बाधित जन्मली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुला-मुलींना लस दिली, ती म्हणूनच. ‘ज्याला हवी तो घेईल’ म्हणणाऱ्यांनी ग्रीसकडे बघावं.

वांझपणाची भीती निराधार आहे. १९६९ पासून रुबेलाची लस वापरात आहे आणि ती घेतलेल्या मुली आई आणि आज्याही झाल्या आहेत.

आता हक्क. कोविड लशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी सांगितलं की कुणावर लस लादता येणार नाही. मला ते मान्य आहे. शाळेत पोराला रांगेत उभं करण्याआधी आईबापांना विचारलंच पाहिजे. पण त्याच निकालात हेही आहे की, समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. आणि राज्यघटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. तेव्हा हक्काचं बोलायचंच, तर कारखान्याच्या हंगामात इथं येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचं बोला. बाळ सोळा ते चोवीस महिन्यांचं असताना घ्यायचा या लशीचा दुसरा डोस फडावरच्या कोपीत कोण पोचवणार? कुपीत द्रावण मिसळल्यावर ती चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. हे पाळलं जातं का, हे आशाताईंना आणि नर्सबाईंना जरूर विचारा. ताप आला तर फोन कुणाला करायचा, तेही विचारा. उत्तर मिळणं हा तुमचा हक्कच आहे.

मेसेज पुढं पाठवण्याआधी घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून दोन्ही डोसांच्या तारखा बघा. दुसरी तारीख कोरी असेल, तर उपकेंद्रात पुढचं लसीकरण कधी आहे ते आजच विचारून घ्या.