घड्याळ काढलं म्हणजे खेळ सोपा झाला का?

नमस्कार. ज्येष्ठांसाठी आम्ही बनवत असलेल्या मोबाइल खेळावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: 'वरचं घड्याळ काढलं, अक्षरं मोठी केली, मग मेंदूला व्यायाम कसला? आजी-आजोबांना बालवाडीत बसवताय. त्यापेक्षा मेंढीकोट बरा. स्मृतिभ्रंश थांबतो म्हणून विकायचा धंदा आहे हा.'

धंद्याचं आधी. तसे दावे झालेत, हे खरंच. २०१६ साली अमेरिकेत 'लुमॉसिटी' हे मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या कंपनीला अशा जाहिरातींपायी २० लाख डॉलर मोजावे लागले. खेळाने स्मृतिभ्रंश टळतो हे सिद्ध झालेलं नाही आणि माझ्या लेखातही तसं वाक्य सापडणार नाही. २०१० साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूच्या अशा खेळांचा सराव केला. ज्याचा सराव केला त्यात तरबेज झाले, बाकी सगळं होतं तिथेच. म्हणून तर आम्ही फुगे फोडायला न लावता बडोद्याच्या खंडेराव मार्केटचा बाजार घेतला. यादी दिसते, गायब होते, मग मेथी, आलं, लिंबं आठवून उचलायची. मधेच भाजीवाली गप्पा काढते. शेवटी सुट्टे मोजून घ्यायचे.

आता वेळ मोजणारं ते घड्याळ. वेगाला माझा विरोध नाही. मेंदूच्या सरावाचा उपयोग तपासणाऱ्या अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' चाचणीत ६५ वर्षांपुढचे २,८३२ लोक होते; वेगाच्या सरावाचा परिणाम दहा वर्षांनीही दिसला, स्मरणाच्या सरावाचा तोवर ओसरला होता. पण तिथे ज्याला जसं जमेल तसा चित्र दिसण्याचा वेळ कमी होत गेला. आमच्याकडेही यादी बरोबर आली की पुढची लवकर जाते, चुकली की जरा रेंगाळते. डोक्यावर टिकटिक लावली की माणूस यादी सोडून घड्याळच बघत बसतो.

आणि 'सोपं केलं' म्हणता ते नेमकं काय? दांडिया बाजारातल्या एका आजींनी मेथीच्या जुडीवर बोट चांगलं दाबून धरलं. फोनने भलतीच पाटी उघडली. 'माझंच काहीतरी चुकलं बाई,' म्हणत त्यांनी तो खाली ठेवला. यादी त्यांना अख्खी पाठ होती! उतारवयात बोटं कोरडी पडतात, स्क्रीनला स्पर्श चटकन कळत नाही. डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळ्या छटा एकमेकींत मिसळतात. बारीक टीं-टीं तर ऐकूच येत नाही. हे सगळं तसंच ठेवून परीक्षा घेतली तर ती कशाची होईल, तुम्हीच सांगा. अवघड ठेवायची ती यादी. ती आम्ही मुळीच सोपी केलेली नाही.

मेंढीकोटाबद्दल मात्र एकदम मान्य. कोणत्या मेंढ्या गेल्या, हुकूम किती उरले, हे ध्यानात ठेवणं काही लहान काम नाही, शिवाय भांडायला माणसं मिळतात. चार जण जमत असतील तर फोन खुशाल बाजूला ठेवा. आमचा खेळ ज्यांचा चौथा भिडू मुलाकडे अमेरिकेला गेलाय त्यांच्यासाठी. मेंढीकोटच फोनवर आणावा का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे: भिडूला डोळ्यांनी खुणा कशा करायच्या, तिथे गाडी अडलीय.