काट्याचा नायटा

काल संध्याकाळी माझ्या मशीनचा काटा उलटा पळाला. शून्याच्याही मागे गेला आणि डाव्या खिळीला टेकून थरथरत बसला. मीटर कोरा, वायरी मी स्वतः जोडलेल्या, आणि बघायला नेमके नाना. त्यांनी तंबाखू मळता मळता मान तिरकी करून एकदा काट्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"रिवर्स पडला का, इंजिनेर?"

ऑपरेटर हसला. हेल्पर हसला. चहा घेऊन आलेला पोरगा काय चाललंय ते न कळताच हसला. त्याचे पैसे मीच देतो.

वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी एक सेकंडहँड व्हीएमसी आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन. तिच्या पॅनलवर कोपऱ्यात काट्याचा एक छोटा मीटर. मोटरच्या ताकदीतली किती टक्के ताकद कटिंगला लागतेय, ते तो दाखवतो. शंभरपर्यंत निवांत; त्यावर थोडा वेळ चालतं, फार वेळ नाही. इन्सर्ट, म्हणजे कटरच्या बदलायच्या पात्या, बोथट व्हायला लागल्या की काटा चढतो आणि शहाणा ऑपरेटर तेवढं बघून थांबतो. आमचा काटा तीन आठवड्यांपूर्वी ४० वर चिकटला. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, बंद, ४०. स्पिंडल फुल, ४०. ऑपरेटर "सर, चाळीसच आहे की" म्हणत ईएन८ पोलादाच्या प्लेटवर ६३ मिलिमीटरचा फेस मिल कटर दामटत राहिला. पाचही इन्सर्ट गेल्या, कटरचं एक पॉकेट गेलं आणि प्लेट भंगारात.

दोष शोधायला अक्कल लागली नाही. स्पिंडलची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या एलएम (लोड मीटर) लिहिलेल्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावला. आमच्या मशीनवर तिथे १० व्होल्ट म्हणजे १५० टक्के. कटिंग चालू असताना ६ व्होल्ट येत होते, म्हणजे ९० टक्के. काटा ४० वरच. ड्राइव्ह निर्दोष, गुन्हेगार मीटर. सर्व्हिसवाल्याला फोन केला. "तो मीटर आता बंद झाला साहेब, पूर्ण पॅनल बदला." पॅनलचा भाव ऐकून मी फोन कानापासून लांब धरला, जणू त्यानं तो कमी होणार होता. मग तोच म्हणाला, "स्क्रीनवर पण दिसतो की लोड." दिसतो, मला माहीत आहे. पण त्यासाठी प्रोग्रॅमचं पान सोडून दुसरं पान उघडायचं आणि जुन्या स्क्रीनवरची पुसट पट्टी डोळे बारीक करून बघायची. काटा शेडच्या दारातून दिसतो. हे त्याला समजावण्यात माझा दुपारचा चहा गार झाला.

आता नाना.

नाना म्हणजे जागामालकाचे वडील. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. रोज चारच्या सुमारास मोपेडवर येतात आणि कूलंटच्या रिकाम्या बॅरलवर बसतात. भाडं महिन्याला घेतात, देखरेख रोज करतात. मी मल्टीमीटरच्या पिना धरून उभा होतो तेव्हा त्यांनी विचारलं,

"काय करायलात?"

"लोड मीटर बिघडलाय नाना."

"मंग मशीन चालू कशी?"

"मशीनला मीटर लागत नाही. आपल्याला लागतो."

"कशाला?"

याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोवर ते सुरू झाले होते. "म्या अठ्ठावीस वर्षं गाडी चालविली. पैठण, गंगापूर, वैजापूर. एका गाडीचा काटा हालंल तर शप्पथ. समदे शून्यावर. मंग काय गाडी उभी ऱ्हायली?"

"पण स्पीड कसा कळायचा?"

"त्यात काय. चाळीसला खिडकीच्या काचा वाजत्यात. पन्नासला मागचा पत्रा वाजतो. साठला कंडक्टर वाजतो."

एवढं बोलून ते उठले, मशीनच्या दारापाशी गेले, डोळे मिटले आणि एक हात हवेत धरून स्पिंडलचा आवाज ऐकू लागले. भजनात मृदंग ऐकावा तसा. ऑपरेटरनं फीड, म्हणजे कटर धातूत पुढे सरकण्याचा वेग, कमी करून ठेवला होता. नाना म्हणाले, "पंचावन."

मी मल्टीमीटरकडे बघितलं. ३.७. मनातल्या मनात पंधरानं गुणलं. साडेपंचावन्न.

हा योगायोग आहे. मी तेव्हाही योगायोग म्हणालो, आजही म्हणतो. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे मिटून "ऐंशी" सांगितलं तेव्हा मल्टीमीटरवर २ व्होल्ट होते, म्हणजे ३०. पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. 'पंचावन्न' मात्र शेजारच्या शेडपर्यंत पोचलं. तिथला वेल्डर मला म्हणाला, "तुमच्या नानांचा कान भारी हाये हां." माझे नाना! त्याआधी त्यांनी मीटरच्या काचेवर एक टिचकी मारली होती आणि काटा चक्क पाचेक घरं हलला होता, तेही लोकांना पाठ आहे. टिचकी मी आदल्या दिवशी मारून पाहिली होती. तेव्हा हलला नव्हता.

त्या हलण्याचं कारण मला नंतर कळलं. जुना मीटर खोलला तर आतल्या चुंबकाच्या फटीत लोखंडाचा बारीक कीस बसलेला. चुंबक तो, ओढणारच; आणि त्याच फटीत ज्या कॉइलनं फिरायचं, ती त्या किसात अडकलेली. कीस काढायला फुंकर मारली, निघेना, चिमटा घातला आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिच्यातच गुंतली. काटा परत जाऊन ४० वर बसला, तो कायमचा. हे प्रकरण मी घरी केलं. नानांना सांगितलेलं नाही.

मग मीटरचा शोध. गुलमंडीत एका दुकानात "लोड मीटर" म्हणालो तर काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "सिंगल फेज का थ्री फेज?" आणि लाइटबिलाचा मीटर काढून ठेवला. दुसऱ्यानं ॲमीटर दाखवला, तो एसीचा. शेवटी ० ते १० व्होल्ट डीसीचा काट्याचा मीटर दिल्लीहून मागवला. तो यायला दोन आठवडे लागले. इथून जवळच दौलताबाद आहे. १३२७ मध्ये तुघलकानं दिल्लीची राजधानी तिथे हलवली, माणसांसकट. मला वाटायचं त्या लोकांचे फार हाल झाले असतील. आता वाटतं, निदान ते निघाले तरी होते. माझं पार्सल आठ दिवस 'निघाले आहे' एवढंच दाखवत होतं.

आलेल्या मीटरवर ० ते १० आकडे आणि व्होल्टची खूण. ऑपरेटरनं पंधरानं गुणाकार करायचा म्हणजे पुन्हा पाच इन्सर्टची तयारी. मी टक्क्यांची नवी पट्टी छापून घेतली, मुलीचे रंग घेऊन शंभरपर्यंत हिरवी, पुढे लाल केली, मीटरची काच काढली आणि श्वास रोखून ती काट्याखाली सरकवू लागलो. शेडमध्ये मे महिन्याचं ऊन पत्र्यातून गळत होतं. माझ्या कपाळावरचा घाम पाहून नानांना दया आली आणि त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. पट्टी उडाली ती थेट कूलंटच्या टाकीत. दुसरी पट्टी छापायला परत बजाजनगर.

एवढ्यात फोन आला, ज्या कंपनीचं काम करतो तिच्या परचेसमधून. "प्लेट कधी देता? तीन दिवस लेट आहात." ही तीच कंपनी जिच्याकडे माझं फेब्रुवारीचं बिल पडून आहे. २००६ चा कायदा म्हणतो की लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नंतर व्याजासकट. कायदा मला पाठ आहे, आणि फोनवर मी म्हणालो ते असं: "हो सर, उद्या नक्की सर." व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाते, जिथे तो कानाचं कौतुक करणारा वेल्डर आहे. कंपनीचं नाव लिहिलं असतं, पण अजून दोन बिलं आत आहेत.

तर काल. मेन स्विच बंद केला आणि ड्राइव्हवरचा लाल दिवा विझेपर्यंत थांबलो. आत कपॅसिटर भरलेले असतात, स्विच बंद झाल्यावरही झटका बसतो. "काऊन थांबलात? इंजिन थंड होऊ द्यायलात का?" नानांनी विचारलं. हो म्हणालो. भोक कानशीनं मोठं केलं, मीटर बसवला, वायरी कसल्या, स्पिंडल चालू केला. काटा उलटा. मी आधी पुढचा शून्याचा स्क्रू पिळत बसलो, जणू चूक कारखान्याची. अधिक-उणे उलटं जोडलं होतं एवढंच. दोन वायरी, दोन मिनिटांचं काम. पण ती दोन मिनिटं नाना बॅरलवरून सांगत होते की नव्या ड्रायव्हरला पहिला रिवर्सच पडतो, लाजू नये.

आता काटा सरळ चालतो. फेस मिलला सत्तरला जातो, लाल पट्टीच्या बराच अलीकडे. ऑपरेटर त्याच्याकडे बघतो आणि मग नानांकडे बघतो. नाना मान हलवतात. मग तो फीड वाढवतो.

काल जाताना नाना म्हणाले, "ते जुनं टाकू नका, मला द्या." दिलं. आज चारला ते आले तेव्हा मोपेडच्या हँडलला तारेनं बांधलेला तो मीटर होता, काच पुसलेली, काटा ४० वर.

"बंद आहे नाना तो."

"असू द्या की," ते स्टँड लावत म्हणाले, "गाडी बी चाळीसच्या वर जात नाय. बरोबर दावतोय."

ऑपरेटरनं मशीन थांबवून तो बघितला. वेल्डर येऊन बघून गेला. चहावाल्या पोरानं नानांना विचारलं, केवढ्याला घेतला.