विद्यापीठाचा इतिहास इमारतींपाशी उभे राहून वाचावा

जळगावच्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा इतिहास सांगताना बहुतेक जण १५ ऑगस्ट १९९० या स्थापनादिनापासून सुरुवात करतात आणि पुणे विद्यापीठातून वेगळे झालो, एवढे सांगून थांबतात. मला हे अपुरे वाटते. खानदेशात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आजोबांची पदवी मुंबई विद्यापीठाची, वडिलांची पुण्याची आणि नातीची जळगावची आहे. शिकले मात्र तिघेही इथल्याच महाविद्यालयांत. पदवीवरचे विद्यापीठ बदलत गेले, वर्ग तेच राहिले, आणि म्हणूनच हा इतिहास कागदांइतकाच इमारतींमध्ये शोधावा लागतो.

सुरुवात अमळनेरपासून करावी. श्रीमंत प्रताप शेठजींनी तिथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, तेव्हा पुणे विद्यापीठही अस्तित्वात नव्हते. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. प्रताप हायस्कूलमधली त्यांची शिक्षकी त्यानंतरची. तालुक्याच्या गावातला एक गिरणीमालक आपली संपत्ती तत्त्वचिंतनासाठी खर्च करतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते. पुढे १९४५ मध्ये तिथेच महाविद्यालय सुरू झाले. विद्यापीठ ज्या पायावर उभे राहिले, तो पाया हा आहे.

जळगावजवळच्या बांभोरीपाशी, गिरणा नदीकाठच्या विस्तीर्ण परिसरात पहिले कुलगुरू डॉ. नि. कृ. ठाकरे यांच्या काळात विद्यापीठाच्या कामाला आरंभ झाला. तिथली रसायन तंत्रज्ञानाची इमारत मुद्दाम पाहावी. तेल, प्लास्टिक, रंग आणि अन्नप्रक्रिया हे तिथले विषय वाचले, की तेलबिया, डाळी आणि प्लास्टिकवर चालणारे जळगावचे अर्थकारण लगेच ध्यानात येते. प्रवेशद्वारावर २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून टिकल्या, त्यांचे नाव विद्यापीठाला मिळावे, याचा मला मनापासून अभिमान आहे.

कोनशिलांवर उद्घाटकांची नावे असतात. इमारत कशासाठी उभी राहिली, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. माझी मागणी अशी, की प्रत्येक विभागाबाहेर त्याची पाच-सहा ओळींची हकीकत मराठीत लावावी आणि नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वर्षीच परिसराबरोबर अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिरही दाखवावे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. यासाठी वेगळा निधी मंजूर होण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.